उतरवलेलं वजन

बायकोच्या तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर बायका अंगणातल्या मांडवात टेकल्या होत्या. मी आतल्या खोलीत होतो आणि खिडकी उघडी होती. लांबच्या नात्यातली एक बाई सांगत होती, "ती काय आत्ता वाळली का? त्या सरकारी दवाखान्याच्या नादी लागली, खाणंपिणं सोडलं, तव्हापासूनच तिची तब्येत उतरत गेल्ती. कशी भरल्या अंगाची बाई होती."

"घरच्यांनी बोलायला नको का मंग?" दुसरी म्हणाली.

"घरचे काय बोलतात. पुस्तकातून डोकं वर निघंल तव्हा ना."

हे माझ्याबद्दल होतं. मी लगेच उठून बाहेर गेलो नाही. माझा स्वभावच तसा आहे. कुणी काही बोललं की त्याचं उत्तर मला दोन-चार दिवसांनी सुचतं, आणि तेही कागद समोर असला तर. या वेळी तर काही महिने गेले. पण उत्तर माझ्याकडे आहे आणि ते बरोबर आहे, याची मला खात्री आहे.

माझ्या बायकोला शेवटी रक्ताचा आजार झाला. तो अचानक आला आणि एका उन्हाळ्यात तिला घेऊन गेला. त्या आजारानं तिचं अंग नेलं, हे खरं. पण त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी तिच्या अंगावरून जे उतरलं होतं ते आजारानं नेलेलं नव्हतं. ते तिनं स्वतः उतरवलं होतं, ठरवून आणि भावाशी भांडून. लोक या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. मला त्या वेगळ्या करून ठेवायच्या आहेत.

आम्ही बदनापूरला राहत होतो. मी जालन्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, रोज सकाळच्या गाडीनं जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. ती शहागडची. गोदावरीच्या काठावर तिच्या माहेरची काळी जमीन, हायवेला लागून भावाचं चहा-भज्यांचं हॉटेल, दिवसभर तिथं ट्रक उभे. अशा घरातून ती आली होती. त्या घरात पाहुण्याला तिसरी पोळी 'नको' म्हटल्यावरच वाढतात. लग्नात ती बारीक होती, फोटो आहे. मग मुलगी झाली, मुलगा झाला, वर्षं गेली. ती जाड होत गेली आणि ते कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. तिच्या माहेरी तर ती माझ्या संसाराची पावती होती.

एकदा गव्हाचं पोतं सरकवताना तिच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ वर आली. झोपली की आत जायची, उठली की बाहेर. तिनं साडी घट्ट नेसून ती कित्येक महिने दाबून ठेवली. एके दिवशी स्वयंपाक करता करता ती ओट्याला धरून खाली बसली, घामानं भिजलेली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

सर्जन वयानं आमच्यापेक्षा लहान होते. त्यांनी तपासलं आणि हर्निया आहे, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतडं बाहेर येतंय, असं नीट समजावून सांगितलं.

"मंग कापून टाका," ती म्हणाली. "कधी येऊ?"

"आधी दहा-बारा किलो वजन उतरवून या. आत्ता शिवलं तर एवढ्या भारानं टाके धरणार नाहीत. आणि बीपी इतकं वर असताना भूल द्यायला मी धजणार नाही."

"आणि न्हाई उतरलं तर?"

"तर एक दिवस ते आतडं भोकात अडकेल. मग आपल्याला वेळ मिळणार नाही. त्या आधी या."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "वजन उतरवून या म्हणे. जशी काही डोक्यावरची पाटी है." मग म्हणाली, "पोरीचं पहिलं बाळंतपण आपल्याकडं होईल ना? मला पाटावर बसून, पाय लांब करून लेकराला न्हाऊ घालायचंय. हे असं पोट घेऊन वाकता येतं का? आणि वाकले अन् तिथंच अडकलं तर?" मुलीचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, पण तिचं सगळं ठरलेलं असायचं.

सर्जननी आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी दर गुरुवारी दुपारी, बाकीची ओपीडी संपल्यावर, बीपी, साखर आणि जास्त वजन असलेल्या मोठ्या माणसांसाठी एक बैठक सुरू केली होती. तिला नाव नव्हतं. आम्ही सगळे तिला 'गुरुवार' म्हणायचो. फी नव्हती. व्हरांड्यात सतरंजी अंथरायची, वजन करायचं, बीपी बघायचं आणि मग तासभर बोलायचं, इतकंच.

पहिल्या गुरुवारी माझी सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेलो. वजनाचा काटा इंजेक्शनच्या रांगेशेजारी उघड्यावर होता. तिथली सिस्टर तिशीतली, चटपटीत. ती म्हणाली, "काकू, चपला काढून उभ्या राहा."

"न्हाई राहत."

"का?"

"चारचौघांत वजन करत न्हाईत. नजर लागते. आणि उद्या भाजीवाली विचारायची, किती भरलं म्हणून."

सिस्टर हसली नाही. तिनं बीपी घेतलं आणि वजनाची जागा कोरी सोडली. पुढच्या गुरुवारी मी रजा काढून गेलो तर काटा आतल्या ड्रेसिंगच्या खोलीत, पडद्याआड गेला होता. तिथं ती एकटी उभी राहिली. बाहेर मला ऐकू आलं, "कोणाला सांगणार न्हाई ना?"

"तुमच्या मालकांनाही नाही."

सिस्टरनं शब्द पाळला. तो आकडा मला आजही माहीत नाही.

गुरुवारच्या बैठकीची एक रीत होती. दर वेळी घरून एखादी वस्तू आणायची. एका आठवड्यात सगळ्यांनी भाजीला तेल घालायची आपापली पळी आणली. डॉक्टरबाईंनी त्या सतरंजीवर मांडून ठेवल्या. कुणाची चहाच्या चमच्याएवढी, कुणाची लग्नाच्या पंगतीतली. आमची पितळेची होती, सासूबाईंनी शहागडहून रुखवतात दिलेली, चांगली खोलगट.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका साखरेच्या त्रासासाठी बैठकीला यायचे. ते म्हणाले, "ही पळी न्हाई, बादली है."

"तुमची कुठंय?" हिनं विचारलं.

"आमच्या घरी पळी न्हाई. डबाच वाकवतात."

सगळे हसले, डॉक्टरबाईही. मग त्यांनी प्रत्येक पळीत पाणी भरून ते लहान चमच्यांनी मोजून दाखवलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर हिनं पितळेची पळी घासून देवघरात तूप ठेवायला काढली आणि तेलाच्या डब्यात एक साधा चमचा टाकला. पहिले आठ दिवस माझ्या तोंडाला भाजी लागत नव्हती. मग लागायला लागली.

उपासाचाही प्रश्न होता. हिचे सोमवार असायचे, गुरुवार असायचे, चतुर्थी आणि एकादशीही. डॉक्टरबाईंनी विचारलं, उपासाला काय खाता? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा चिवडा, केळी, दूध. यादी संपेना. बैठकीतल्या सगळ्या बायकांची यादी तीच. उपासाच्या दिवशी त्या रोजच्या दीडपट खात होत्या, मीही खात होतो, आणि हे आम्हां कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उपास सोडा असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. ही घरी येऊन स्वतःच म्हणाली, "देवानं कुठं मागितला साबुदाणा? आपणच त्याच्या नावावर खाऊन राह्यलो." तेव्हापासून तिच्या उपासाला एक फळ आणि ताक असायचं. माझी खिचडी बंद झाली.

चालणं मात्र अवघड निघालं. खाणं घराच्या आत असतं, चालणं रस्त्यावर. आमच्या गावात बाई रस्त्यानं निघाली की तिला कुठंतरी पोचायचं असतं. नुसती चालायला निघालेली बाई कुणी पाहिलेली नव्हती. पहिल्या दिवशी चौकापर्यंत जाईतो तिला जो तो विचारत होता, "कुठं निघाल्या वहिनी?" ती काही सांगू शकली नाही आणि परत आली. मग तिनं युक्ती केली. हातात रिकामी पिशवी घेऊन निघायला लागली. त्यातून नवीनच झालं. पिशवी बघून शेजारणी म्हणायच्या, बाजाराकडं चालल्याच आहात तर पावशेर मिरच्या आणा, कोथिंबिरीची जुडी आणा. ती जायची मोकळी आणि यायची सगळ्या गल्लीची भाजी घेऊन. पिशवी उचलली की गाठ दुखायची. उचलायचं नाही असं तर सर्जननी बजावलं होतं.

रेल्वेच्या काकांनी यावर तोड काढली. "प्लॅटफॉर्मवर चला. तिथं माणूस हिंडत असला तर कोणी विचारत न्हाई. गाडीची वाट बघतो म्हणतात." त्यांनी स्टेशनवर शब्द टाकला. मग गुरुवारच्या चार-पाच बायका आणि हे काका सकाळी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. मी माझ्या गाडीसाठी तिथंच असायचो. बाकावर पुस्तक उघडून बसायचो आणि ती समोरून जायची यायची. बरोबरीच्या बाईशी बोलणं चालू असायचं, माझ्याकडे बघायचीही नाही. गाडी आली की मी चढायचो आणि खिडकीतून ती मागं पडत जाताना दिसायची, चालत असलेली. कधी कधी वाटायचं, गाडी उशिरा यावी.

दिवाळीच्या आधी तिचा चेहरा बदलला. गालाची हाडं दिसायला लागली. ब्लाउज सैल झाले, तिनं ते आतून टाचले. सर्जनकडे दाखवून आलो. ते म्हणाले, अर्ध्याहून जास्त झालं, असंच चालू द्या. आम्ही दोघंही खुशीत होतो. आणि त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ शहागडहून आला.

तो आला तो जीपमधून, दोन माणसं बरोबर घेऊन, तुपाचा डबा मांडीवर ठेवून. आत आला, बहिणीकडे बघितलं आणि उभाच राहिला. मी म्हटलं, "बसा दादा."

"बसतो मंग. आधी मला सांगा दाजी, घरात काही कमी पडून राह्यलं का?"

"नाही. का?"

"आमच्या हॉटेलात तुमच्या इकडचा माणूस आल्ता. म्हणला, तुमची बहीण लै वाळली. मी म्हणलो, झूट बोलतो. तर हे काय है? हाडं निघाली तिची."

"दादा, मला काही झालं न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून कमी करून राह्यले. ऑपरेशन करायचंय ना माझं?"

"ऑपरेशनचं म्हाईत है मला. त्यासाठीच तर बोललोय मी."

"काय बोललास?"

इथं त्यानं ते सांगितलं. हर्नियाचं कळल्यावर तो नदीकाठच्या महादेवाला नवस बोलला होता, बहिणीचं ऑपरेशन नीट पार पडलं तर तिची गुळाची तुला करीन. एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ, आणि तो सगळा गूळ गावाला वाटायचा. हे आमच्याकडे नवीन नाही. लेकरू आजारातून उठलं की करतात.

"कर की मंग," ती म्हणाली. "बारीक झाले तर तुझा खर्चा वाचंल."

तो चिडला. असा चिडलेला मी त्याला आधी पाहिला नव्हता. "मजाक नको करू बाई. मी बोललो तव्हा तू जेवढी होती, तेवढा गूळ बोललो मी. आता तू अर्धी होऊन राह्यली. देवाला कमी द्यायचं का? आधी बोलायचं, अन् मंग माप काढून घ्यायचं? हे बराबर न्हाई. बिलकुल बराबर न्हाई."

"म्हणजे मी काय करू?"

"आहे ते राहू दे आता. ऑपरेशन होईतो आणखी उतरवू नको. हे तूप खा."

मला त्याचं हसू आलं नाही, आजही येत नाही. त्याचा हिशोब त्याच्या जागी पक्का होता. बहिणीच्या जिवासाठी त्यानं देवाला शब्द दिला होता आणि बहीणच तो खोटा पाडत होती. अडचण एवढीच होती की त्याचं ऐकलं असतं तर ऑपरेशनच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ती त्याला बैठकीला घेऊन गेली. संध्याकाळी त्याच्या तोंडूनच मला सगळं कळलं. तो सतरंजीवर बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या बहिणीला उपाशी ठेवून राह्यले."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा सकाळपासून काय खाल्लं."

हिनं सांगितलं. दोन भाकरी, मेथीची भाजी, वरण, ताक. बैठकीतल्या काकांनी पुस्ती जोडली, "इथं उपाशी कोणी न्हाई भाऊ. फक्त बादल्या बंद झाल्या."

मग नवसाची गोष्ट निघाली. डॉक्टरबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. देवधर्मावर काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नवस ऑपरेशन झाल्यावर फेडायचा आहे ना? मग आधी ऑपरेशन तर होऊ द्या."

जाताना मला म्हणाला, "बाई हुशार है ती. पण भाऊबीजेला मी बहिणीला घेऊन जाणार. तव्हा कोणाचं ऐकणार न्हाई."

आणि तो घेऊन गेला. भाऊबीजेला भावाच्या घरी ताट नाकारणारी बहीण मला माहीत नाही. पहिल्या दिवशी तिनं हात आखडता घेतला तर वहिनी रडायला लागली. मग तिनं नाकारलं नाही. दहा-बारा दिवस राहून ती आली. उतरवलेलं बरंचसं परत आलं होतं, हे टाचलेल्या ब्लाउजांवरूनच कळत होतं. गाठ पुन्हा दुखायला लागली होती. मुलीला दिवस गेल्याची बातमीही त्याच आठवड्यात आली. ती आनंदाची बातमी होती, पण हिनं ती पत्रात वाचली आणि खाली बघितलं.

त्या गुरुवारी ती बैठकीला गेली नाही. पुढच्याही नाही. सकाळी प्लॅटफॉर्मवर काका आणि बायका चालत, ती नसे. मी तिच्याजवळ बसलो, एवढंच केलं, आणि ते चूक होतं असं मला वाटत नाही. बोलायला ज्याला येतं त्यानं बोलावं.

बोलायला सिस्टर आली. लसीकरणाच्या फेरीवर निघालेली, हातात बर्फाची पेटी. दारातूनच म्हणाली, "काकू, दोन गुरुवार दिसला नाहीत."

"काय तोंड घेऊन येऊ? सगळं परत आणलं मी. माहेरून लोक साडी आणतात, मी हे आणलं."

"वजन करायचं नाही तर नका करू. काटा काय पळून जात नाही. पण येऊन बसा. तुमची जागा रिकामी आहे, काका तिथं चपला ठेवतात."

"चपला?"

"हो."

"उद्या येते मंग. सांगा त्यांना."

उद्या बुधवार होता. ती गुरुवारी गेली, बसली, वजन केलं नाही. पुढच्या गुरुवारी पडद्याआड उभी राहिली. बैठकीत तिनं भाऊबीजेचं सगळं सांगितलं, आणि कळलं की तिथल्या निम्म्या बायकांचं माहेरहून येताना तेच झालं होतं. त्यावर कुणी उपदेश केला नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पुढच्या वेळी माहेरी गेलात तर घरचं काय बरोबर नेता येईल?" हिनं विचार करून सांगितलं, "माझी वाटी."

संक्रांतीनंतर ती आपली वाटी घेऊन शहागडला गेली. मीही बरोबर होतो. ताटं मांडली तेव्हा तिनं पिशवीतून वाटी काढून ताटात ठेवली. वहिनीचा हात थांबला. "आमच्या वाट्या काय विटाळल्या का बाई?"

"न्हाई वहिनी. हिच्यात मावंल तेवढंच मला. तूच वाढ, तुझ्या हातानं वाढ. पण हिच्यातच." मग म्हणाली, "पोरीला दिवस गेलेत. मला तिच्या लेकराला न्हाऊ घालायचंय. तू मला घालू देणार का न्हाई, ते सांग."

वहिनीनं वाटी भरली. काठोकाठ भरली, पण एकदाच. भाऊ समोरच्या पाटावर बसला होता. त्यानं तुपाची वाटी आपल्याकडे ओढली.

त्यानंतर पुन्हा घसरण झाली नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर्जननी तारीख दिली. ऑपरेशन जालन्याच्या त्याच सरकारी दवाखान्यात झालं. मी बाहेरच्या बाकावर होतो. माझ्या शेजारी तिचा भाऊ होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. सर्जन बाहेर आले, म्हणाले, "सगळं नीट झालं. टाके छान बसलेत. बाईंनी मेहनत घेतली म्हणून." भावानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाला, "गुळाचं बघायला लागतो मंग."

मुलीची मुलगी पावसाळ्यात झाली. पहिले काही दिवस हिला ओझं उचलायची मनाई होती, म्हणून न्हाणीचं काम शेजारच्या एका म्हातारीनं केलं आणि ही बाजूला बसून सूचना देत राहिली, म्हातारी वैतागेपर्यंत. मग डॉक्टरांनी परवानगी दिली. ती पाटावर बसली, पाय लांब केले, नात पायांवर घेतली, वाकली, आणि ऊन पाणी ओतलं. न्हाणीघराच्या दारात मी टॉवेल धरून उभा होतो. ती वर न बघता म्हणाली, "काय बघता. टॉवेल आणा इकडं."

तुला थंडीत झाली. नदीकाठच्या देवळापुढं लिंबाच्या फांदीला आडतीवरचा मोठा तराजू टांगला होता. सगळं गाव जमलेलं. भावानं जालन्याच्या मोंढ्यातून, घाऊक बाजारातून, गुळाच्या ढेपी आणल्या होत्या. त्या बहिणीच्या जुन्या वजनाच्या अंदाजानं घेतलेल्या होत्या, त्याच्या बोलण्यातल्या मापाच्या.

ती पारड्यात बसली. मांडी घालून, पदर सावरून, ताठ. समोरच्या पारड्यात एकेक ढेप चढायला लागली. ढेपी अजून शिल्लक होत्या तेव्हाच तिचं पारडं वर उचललं गेलं आणि काटा मधोमध उभा राहिला. तराजूवाल्यानं हात वर केला. भावानं तरी पुढची ढेप उचलली.

"दादा, बस," ती म्हणाली.

"राहू दे. बोललेलं सगळं चढवतो. देवाचं है."

"माझी तुला बोललास ना? मंग मी है एवढी. वरचा गूळ गावाला वाटायचा तर वाट, पण पारड्यात ठेवू नको."

"एका ढेपीनं काय होतं तुला?"

"काय होतं? सबंध वर्ष गेलंय माझं त्या ढेपीत." ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. हीच बाई पडद्याशिवाय काट्यावर उभी राहत नव्हती. "एक खडाही जास्त ठेवू नको. बघू दे लोकांना बराबर."

त्यानं ढेप खाली ठेवली. गावातला एक म्हातारा म्हणाला, "बाई म्हणते ते बराबर है." गूळ फोडून वाटायला सुरुवात झाली. उरलेलं काय करायचं हे कुणाला सुचेना. मी सुचवलं, गुरुवारच्या बैठकीला नेऊ. ती म्हणाली, "वा. निम्मे साखरेचे आहेत तिथं. सिस्टर काठी घेऊन मागं लागंल." शेवटी भावानं त्या ढेपी आपल्या हॉटेलात नेल्या. त्या हिवाळ्यात शहागडहून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी गुळाचा चहा प्याला.

तिनं ते वजन पुढंही सांभाळलं. प्लॅटफॉर्मवर चालत राहिली, मी निवृत्त झाल्यावर माझ्याबरोबर. डॉक्टरबाईंची बदली झाली, नवीन आल्या, गुरुवार चालू राहिला. मुलीचं दुसरं लेकरूही तिनंच न्हाऊ घातलं. मग रक्ताचा आजार आला. ते वेगळं.

तर त्या दिवशी मी खिडकीशी होतो, आणि मांडवात ती बाई म्हणत होती की तब्येत तेव्हापासूनच उतरत गेली. मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज आला. तिचा भाऊ होता, आता सत्तरीच्या पुढचा, खुर्चीत काठी धरून बसलेला.

"वाळली न्हाई ती," तो म्हणाला. "उतरवलं तिनं. ते वेगळं असतं. ह्या हातानं तोललंय मी. ढेपी परत न्याव्या लागल्या मला."

"ढेपी कशाच्या?" त्या बाईनं विचारलं.

"सांगतो. बस इथं."

तो सुरुवातीपासून सांगायला लागला, हॉटेलात आलेल्या त्या माणसापासून. मी उठलो, बाहेर गेलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.